भरतीच्या घड्याळावर

(पडदा काळा. लाटांची गाज. मग खराट्याचा आवाज.)

विषुववृत्ताजवळच्या किनाऱ्यावरचं हे घरगुती पाहुणघर. इथे जाग येते ती या खराट्याने. घरातल्या आजी अंगणातल्या झावळ्या ओढून बाजूला करताहेत. लवकर उठलेला पाहुणा दिसला की त्याला हातानेच खुणावतात, झोपा अजून. खराटा मात्र थांबत नाही!

सात-आठ खोल्या आणि तीन पिढ्यांचं एक घर. व्हरांड्यातलं टेबल हेच इथलं कार्यालय. त्यावर पाहुण्यांची वही, दोरीला बांधलेलं पेन आणि नातवाचा अर्धवट गृहपाठ. मागे एक फळा, त्यावर खडूने लिहिलेली आजच्या भरतीची वेळ. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी दुसरी येते. म्हणजे काल पोहायला उतरलात ती वेळ आज जवळजवळ ५० मिनिटं पुढे सरकलेली असते. मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या दिवशीच निरुपयोगी ठरतं.

ओहोटी लागली की पुळण उघडी पडते. जरा खाली वाका. मिरीएवढ्या वाळूच्या शेकडो गोळ्या, बिळाभोवती सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचं. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं गाळून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. पाऊल वाजलं की सगळे गडप. श्वास रोखून बसलात तर दोन मिनिटांत एकेक डोकावू लागतो. भरती येऊन सगळं पुसून जाते, आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुपारी ऊन चढतं. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी पाण्यावरची गार हवा आत येते. भूगोलाच्या पेपरापुरते पाठ केलेले खारे वारे ते हेच. व्हरांड्यात पडल्या पडल्या अंगाला लागतात तेव्हा कुठे तो धडा समजतो.

दोन माडांमध्ये जाळीची झोळी टांगलेली आहे. तिच्यात शिरण्याआधी वर पाहा. नेमक्या त्या दोन माडांवर तयार नारळ दिसणार नाहीत. सोडणासकट नारळ सहज किलोभर भरतो, त्यामुळे पाहुणे येण्याआधीच घरातला थोरला मुलगा चढून ते उतरवून ठेवतो. याबद्दल इथे कुणी बोलत नाही, आपणही विचारल्याशिवाय कळत नाही.

विषुववृत्ताच्या आसपास सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे तिन्हीसांज लांबत नाही. रंग बघत बसलेले असतानाच काळोख होतो.

व्हरांड्यात दिवा लागतो. नातू स्टुलावर चढतो, फळा पुसतो आणि बोटं मोजत आजच्या वेळेत ५० मिनिटं मिळवतो. हातचा विसरतो. स्वतःशीच पुटपुटत पुसतो आणि पुन्हा लिहितो.

(लाटांची गाज. दृश्य हळूहळू मावळतं.)