बल्ब उडायच्या आधी

(दृश्य: गॅरेजचं टेबल. फडक्यावर ठेवलेला एच-4 बल्ब, कॅमेरा काचेला भिडलेला.)

हा एच-4. हॅलोजन हेडलाईटच्या कितीतरी गाड्यांत हाच बल्ब असतो. काच एक, तारा दोन: अप्परची (लांबच्या उजेडाची) 60 वॅटची, डिपरची (जवळच्या उजेडाची) 55 वॅटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी आहे, पाहा. तारेतून खाली जाऊन मागच्या आरशावरून (रिफ्लेक्टरवरून) वर परतणारा उजेड ती अडवते, म्हणून आपला फोकस समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. युरोपात 1962 साली हेडलाईटचा पहिला हॅलोजन बल्ब आला आणि 1971 साली हा दोन तारांचा. रचना तेव्हापासून जवळपास तीच.

टोकाचा काळा रंग मुळातलाच आहे, तो सोडा. त्याखालची काच बघा. नवी असताना लख्ख होती, आता तिच्यावर राखाडी झाक आलीय. तारही मधोमध किंचित झोळ खाल्ल्यासारखी दिसते. बल्ब अजून चालू आहे, पण फार दिवस चालेल असं वाटत नाही.

(दृश्य: फिलामेंटचं वेटोळं, मोठं करून.)

तार टंगस्टनची असते. टंगस्टन वितळायला 3400 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, त्यामुळे तार वितळत नाही. मात्र तापलेल्या तारेतून धातूचे कण सतत उडत असतात. जुन्या साध्या बल्बमध्ये ते काचेवर बसायचे आणि काच काळी पडायची. हॅलोजनमध्ये आत थोडा ब्रोमीन किंवा आयोडीन असतो. तो उडालेल्या टंगस्टनला गाठतो आणि पुन्हा तारेवर आणून सोडतो. गोम अशी, की जिथून कण उडाला तिथेच तो परत बसेल याची खात्री नाही. त्यामुळे हळूहळू तार कुठे जाड होते, कुठे बारीक. बारीक जागा जास्त तापते, तिथून आणखी धातू उडतो, आणि एक दिवस तिथेच तुटते.

तो दिवस बहुतेकदा स्विच टाकतानाच उगवतो. थंड तारेचा विरोध फार कमी असतो, म्हणून पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट आत घुसतो. त्यात खड्ड्यांचे दणके आहेतच.

मग बल्ब टिकतो किती? साध्या हॅलोजनचा हिशेब साधारण 500 ते 1000 तासांचा. दर दोन वर्षांनी बदला, असं सरसकट सांगणं सोपं आहे, पण बल्बला कॅलेंडर कळत नाही. रोज तासभर रात्री गाडी चालवणाऱ्याचा 500 तासांचा बल्ब सव्वा वर्ष जाईल. रात्रपाळीच्या टॅक्सीत, आठ तासांच्या हिशेबाने, तोच बल्ब दोन महिन्यांत संपेल. आणि रविवारी सकाळीच बाहेर पडणारी गाडी विकेपर्यंत पहिलेच बल्ब मिरवेल. डब्यावर ‘जास्त पांढरा, जास्त प्रखर’ लिहिलेले बल्ब घ्यायचे तर आयुष्य कमी मिळणार हे धरून चाला. तार जास्त तापवल्याशिवाय तो जादा उजेड येत नाही.

(दृश्य: बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर. इंजिन चालू.)

बल्ब दर काही महिन्यांनी उडत असेल तर दुकान बदलण्याआधी हे बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 14 ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. काटा 15 च्या पुढे गेला तर दोष अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, रेग्युलेटरचा. व्होल्टेज 5 टक्के वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. उलटही खरं आहे. गंजलेल्या अर्थिंगमुळे होल्डरपाशी एक व्होल्ट कमी पोचला, तर उजेड चौथ्या हिश्श्याने घटतो. लोक नवा बल्ब टाकतात, उजेड तेवढाच राहतो, आणि बोल बल्बला लागतो. पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच हेही असंच एक कारण. तिला बल्बची नाही, पॉलिशची गरज असते.

उजेड कमी म्हणून 100/90 चा बल्ब बसवणं हा आपल्याकडचा लाडका इलाज. मूळ वायरिंग 60/55 साठी असतं. आधी कपलर, म्हणजे बल्बमागचा प्लग, तपकिरी होतो, मग होल्डर मऊ पडतो, रिफ्लेक्टरची चकाकी जळते. शिवाय तो नियमातही बसत नाही. हॅलोजनच्या होल्डरात एलईडी कोंबणाऱ्यांचीही गत वेगळी नाही. त्या वाटीची आणि तारेची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेली असते. ती चुकली की उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या तोंडावर.

कारखान्यातून एलईडी लावूनच आलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. ते हजारो तास चालतात, पण बिघडले तर बऱ्याच गाड्यांत बल्ब वेगळा मिळत नाही, अख्खं युनिटच घ्यावं लागतं. झेनॉन वायूचा बल्ब साधारण 2000 तासांच्या पुढे जातो, आणि म्हातारपणी त्याचा उजेड गुलाबी-जांभळा व्हायला लागतो. तो रंग दिसला की बदला.

(दृश्य: रात्रीचा घाट. समोरून एकच दिवा येतोय.)

एक दिवा गेलेली गाडी समोरच्याला मोटारसायकल वाटते. त्यातून उजवा गेला असेल, तर समोरचा आपली गाडी डावीकडच्या दिव्यापुरतीच समजून तेवढीच जागा देतो. आंबोली किंवा ताम्हिणीत, पावसाळ्यात, धुक्यात, ही चूक सावरायला रस्ता उरत नाही. म्हणून ‘एक चालू आहे ना’ यावर घाट चढू नये. दोन्ही बल्ब एकाच दिवशी बसवलेले असतील, तर दोघांचे तासही सारखेच भरलेत. जोडीच बदला.

(दृश्य: बॉनेट उघडं. हात बल्बमागचं रबरी झाकण काढतो, कपलर ओढतो, तारेची क्लिप सोडवतो.)

नवा बल्ब पत्र्याच्या बुडालाच धरायचा. काचेला बोट लागलं तर बोटाचा तेलकटपणा तिथेच भाजतो, तेवढीच जागा जास्त तापते आणि काच दगा देते. लागलंच तर स्पिरिटने पुसून, सुकवून मग बसवा. तीन कान तीन खाचांत नीट बसले की क्लिप लावा. मग गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून डिपर टाका. उजेडाची वरची कड उजवीकडे सरळ, डावीकडे थोडी चढती दिसली पाहिजे. कड वेडीवाकडी असेल तर बल्ब तिरका बसलाय.

काढलेल्या जोडीतला चालू बल्ब फेकू नका. नव्याच्या खोक्यात घालून डिकीत टाका, स्टेपनीच्या पान्याजवळ.