गाळाचा आडवा प्रवास

चिकणमातीचा एक कण घेऊ, एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीचा. तो समुद्राच्या पृष्ठभागावर सोडला आणि पाणी अगदी निश्चल आहे असं धरलं, तर चार हजार मीटर खाली तळाला टेकायला त्याला किती वेळ लागेल? द्रवात कण किती वेगाने खाली बसतो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने हिशेब मांडला की उत्तर शंभर वर्षांच्या पुढे जातं. तेवढ्या काळात सागरी प्रवाहांनी त्याला कुठल्या कुठे नेलेलं असेल. काही कण प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांच्या, विष्ठेत किंवा ‘सागरी हिम’ म्हणतात त्या सेंद्रिय कचऱ्याच्या चिकट पुंजक्यांत अडकतात आणि काही आठवड्यांतच तळ गाठतात, हे खरं. पण मोठ्या नद्यांच्या मुखांसमोर, खोल तळावर शेकडो किलोमीटर पसरलेल्या वाळू-मातीच्या थरांचा उलगडा त्याने होत नाही. तो गाळ वरून पडलेला नाही. तो तळाला घासत, आडवा वाहत आलेला आहे.

याचा पुरावा तारायंत्राच्या केबलींनी दिला. 18 नोव्हेंबर 1929 रोजी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, ग्रँड बँक्स या उथळ सागरी भागाजवळ भूकंप झाला. केंद्राजवळच्या केबली लगेच तुटल्या, त्यात नवल नव्हतं. पण उताराच्या खालच्या अंगाच्या केबली नंतर एकामागून एक तुटत गेल्या, आणि शेवटची तुटली ती भूकंपानंतर तेरा तास सतरा मिनिटांनी. हादरा एवढा वेळ रेंगाळत नाही. ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग या भूवैज्ञानिकांनी 1952 मध्ये या वेळांचा अर्थ लावला: खंडान्त उतारावरचा, म्हणजे खंडाच्या कडेकडून खोल समुद्राकडे उतरणाऱ्या तळावरचा, गाळ घसरला, पाण्यात मिसळला आणि ते गढूळ, जड पाणी उतारावरून धावत सुटलं. प्रत्येक तुटलेली केबल म्हणजे त्या धावेची एक नोंद! पुढच्या हिशेबांनुसार त्याचा वेग ताशी सुमारे 65 किलोमीटरपर्यंत गेला होता.

या गढूळ प्रवाहाचं बळ त्याच्या जडपणात आहे. गाळ मिसळल्याने पाणी जड होतं, जड झाल्याने उतारावरून वेगाने धावतं, वेगामुळे तळ खरवडून आणखी गाळ उचलतं आणि अधिकच जड होतं. जानेवारी 2020 मध्ये काँगो नदीच्या मुखापासून निघालेला असा एक प्रवाह समुद्रतळावरच्या घळईतून अकराशे किलोमीटरहून पुढे गेला. तिथे आधीच नांगरून ठेवलेली मोजमापाची उपकरणं त्याने उखडली आणि ती पृष्ठभागावर आली. कोणतं उपकरण केव्हा वर आलं यावरून वेग काढता आला. वाटेत त्याने इंटरनेटच्या केबलीही तोडल्या. खोल समुद्र शांत, निवांत असतो ही समजूत आपण आता सोडून द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता धातूंकडे येऊ, कारण माझी खरी ओढ तिथे आहे. नदीतून आलेलं विरघळलेलं लोह बहुतांशी खाडीतच संपतं. खारं पाणी लागलं की त्याचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. पण बसलेलं लोह कायमचं बसलेलं नसतं. भूखंडमंचावरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावरच्या, चिखलात ऑक्सिजन संपला की जिवाणू श्वसनासाठी मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं वापरतात. त्यातून हे धातू पुन्हा विरघळतात, चिखलातून पाझरून वरच्या पाण्यात येतात आणि तळालगतच्या प्रवाहांबरोबर बाहेर पडतात. पुढे ऑक्सिजन भेटला की लोह पुन्हा गंजतं, कणांना चिकटतं, खाली बसतं. बसायचं, सुटायचं, थोडं पुढे सरकायचं, असा हा टप्प्याटप्प्याचा प्रवास असतो.

हे मोजणं फार जिकिरीचं आहे. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात विरघळलेलं लोह सहसा 60 नॅनोग्रॅमहूनही कमी असतं, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. ते मोजायला जाणारं जहाज मात्र पोलादाचं! गंजाचा एक कण नमुन्यात पडला तरी सगळा नमुना वाया जातो. म्हणूनच लोहाची जुनी मोजमापं भरवशाची नव्हती. जिओट्रेसेस या आंतरराष्ट्रीय मोहिमेतल्या संशोधकांनी अतिस्वच्छ पद्धतींनी महासागरांमागून महासागर तपासले, त्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे.

त्या कामातली एक नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. तळातल्या उष्ण झऱ्यांमधून निघणारं लोह झऱ्यांजवळच साका होऊन बसतं, असं बराच काळ मानलं जाई. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत पूर्व पॅसिफिकच्या जलमग्न पर्वतरांगेवरून निघालेलं विरघळलेलं लोह पश्चिमेकडे चार हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरही सापडलं. त्यातलं काही सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलेलं असतं, काही इतक्या बारीक कणांत असतं की बसतच नाही. असं खोल पाणी शेवटी दक्षिण महासागरात वर येतं, आणि तिथल्या प्लवकांना नायट्रेट हे पोषक द्रव्य मुबलक मिळतं, कमी पडतं ते लोहच.