बटणातलं नाणं

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे कामगारांची सुरक्षा, आणि एका देशातल्या कामगारानं दुसऱ्या देशातल्या कामगाराच्या पाठीशी उभं राहणं. विषय मोठा आणि वेळ थोडा. त्यातलाही निम्मा वेळ मी एका नाण्यावर घालवणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पण त्याआधी थोडा इतिहास. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर भारत सेवक समाजाचं आवार आहे. गोखल्यांनी १९०५ साली काढलेली ही संस्था. तिथले एक सभासद, नारायण मल्हार जोशी, १९१९ साली बोटीनं निघाले आणि वॉशिंग्टनला पोचले. आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, तेव्हा नुकती जन्मली होती. तिच्या पहिल्या परिषदेत हिंदुस्थानच्या कामगारांच्या बाजूनं बसले ते हे जोशी. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, असा करार तिथे झाला. आपल्यासाठी मात्र वेगळं कलम घातलं, आठवड्याला ६० तासांचं! आणि त्या वेळच्या गिरणीत दिवसाचे बारा तास चालत, त्यामुळे हे साठसुद्धा कमावलेलेच म्हणायचे. पुढच्याच वर्षी मुंबईत आयटक, म्हणजे देशभरच्या युनियनची मध्यवर्ती संघटना, उभी राहिली. त्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी होतं: या परिषदेला कामगारांचा माणूस पाठवायचा, तर तो निवडणार कोण?

तर हे बाहेरच्या जगाशी नातं जोडणं काही काल-परवाचं नाही. आपल्याला ते आठवत नाही, एवढंच. आठवणार तरी कसं? एक मे उजाडला की झेंडावंदन, महाराष्ट्र दिन, मग श्रीखंड आणि दुपारची झोप. महाराष्ट्राबद्दल माझी काही तक्रार नाही, पण जगभरचा कामगार दिन त्या दिवशी आपल्याकडे पाहुण्यासारखा ओसरीवरच बसून राहतो.

बरं, आता नाणं.

साल १९९४, थंडीचे दिवस. मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होतो आणि युनियनच्या कमिटीवर होतो. संध्याकाळी मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला जायचो. का, ते विचारू नका. पुण्यात तेव्हा प्रत्येक घरात एक जण तरी जर्मन शिकत होता. त्यामुळे जर्मनीतल्या कामगार संघटनेची चार माणसं आली, तेव्हा दुभाषी म्हणून मला धरलं. त्यांच्या कंपनीला लागणारे पत्र्याचे छोटे भाग भोसरीच्या एका शेडमध्ये बनायचे. ती शेड त्यांना पाहायची होती.

शेडच्या मालकानं जय्यत तयारी केली होती. फरशी धुतलेली, भिंतीवर सुरक्षेच्या घोषणा रंगवलेल्या, प्रत्येकाच्या हातात नवे कोरे हातमोजे. हे मोजे दुपारी परत घेतले, ते मला नंतर कळलं. दसऱ्याच्या झेंडूच्या माळा वाळून कोळसा झाल्या होत्या, त्या मात्र प्रेसवर तशाच. आपल्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होते, हळदकुंकू होतं, नारळ फुटतो. पूजा चालू असताना मशीनला गार्ड आहे का, हे गुरुजी विचारत नाहीत. विचारायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पॉवर प्रेस काय असतो, हे भोसरी-चिंचवडच्या घरांत सांगायला नको. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायचा, बटण दाबायचं, वरून पंच आदळतो. या एका आदळण्याला म्हणायचं स्ट्रोक. हात आत राहिला, तर तो पत्रा आणि बोट यांत फरक करत नाही. म्हणून बटणं दोन असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली, तरच स्ट्रोक. दोन्ही हात बटणांवर म्हटल्यावर आत काय राहणार?

पाहुण्यांत एक साठीचा, रिटायर झालेला प्रेस सेटर होता. उंच, जरा वाकलेला. मालक ऑफिसात चहाला चला म्हणत होता आणि हा माणूस चालता चालता थबकला. बघून नाही हं, आवाज ऐकून! दोन हातांनी चालणाऱ्या प्रेसची लय वेगळी असते, एका हाताच्या प्रेसची वेगळी. सात नंबरच्या मशीनवर एक ऑपरेटर होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे, आपणही नानाच म्हणू. पाहुणा नानांजवळ गेला, मशीन बंद करायला लावली आणि उजव्या बटणावर बॅटरी मारली. बटण आणि त्याची कडी यांच्या फटीत आठ आण्याचं नाणं ठोकलेलं. ते बटण कायमचं दाबलेलं. म्हणजे स्ट्रोक एका हातानं, आणि दुसरा हात डायमध्ये माल ठेवायला मोकळा.

पाहुण्यानं खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि नाणं उचकटलं. मग आपला डावा हात नानांसमोर धरला. तर्जनी नाही, मधलं बोट अर्धं. आणि दोनच शब्द बोलला. मी भाषांतर केलं, “बासष्ट साली.” शेडमध्ये कोणी बोलेना. मालकसुद्धा गप्प. पाहुण्यानं ते नाणं कोटाच्या खिशात टाकलं आणि निघाला.

आणि मागून नानांची हाक! “अहो साहेब, माझे आठ आणे!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुभाषी म्हटल्यावर भाषांतर करणं भाग. पाहुणा आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. त्यानं खिशात हात घातला आणि एक जर्मन मार्क नानांच्या हातावर ठेवला. मार्क म्हणजे त्या वेळचे अठरा-वीस रुपये. नानांनी तो कपाळाला लावला. फोटो निघाले, टाळ्या झाल्या, गाड्या गेल्या.

आठवड्यानं मी एका डायच्या कामासाठी पुन्हा त्या शेडमध्ये गेलो. सात नंबरला नाना, तीच एका हाताची लय. वाकून पाहिलं, तर बटणाच्या फटीत तो मार्क!

मी भडकलो. म्हटलं, “नाना, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?” नाना शांत. म्हणाले, “बँकेत नेला होता. ते म्हणतात परदेशी नाणं घेत नाही, नोट आणा. मग काय करू? आणि हा बसतो झकास. आठ आणे सारखे निसटायचे.” नंतर जे बोलले, ते मला आजही तसंच्या तसं आठवतं. “तासाला चारशे नग मागतात. दोन बटणांनी तीनशेच निघतात. वरचे शंभर तुमचा पाहुणा काढून देणार आहे का?”

तासाला चारशे, श्रोतेहो. आणि सुरक्षित राहून निघतात तीनशे. एवढा आकडा ध्यानात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

घरी येऊन मी पाहुण्याला पत्र लिहिलं. डेर-डी-डासच्या, म्हणजे जर्मन लिंगांच्या, चुका ओळीला एक. मार्कचं सगळं खरं सांगितलं. वाटलं होतं, माणूस दुखावेल. दीड महिन्यानं उत्तर आलं. जर्मनीत कारखान्यातल्या कामगारांनी निवडून दिलेली समिती असते आणि तिला व्यवस्थापनाशी समोरासमोर बसून बोलायचा कायद्यानं हक्क असतो. त्या समितीत त्यानं माझं पत्र मोठ्यानं वाचलं होतं. लोक आधी हसले, म्हणे, मग हसायचे थांबले. आणि समितीनं आपल्या कंपनीच्या खरेदी विभागाला जाब विचारला. भोसरीत गार्ड आहेत का, असं विचारलंच नाही त्यांनी. असं विचारलं, की तुम्ही भाव ठरवलात तो तासाला किती नग धरून?

सहा महिन्यांत भाव बदलला, तीनशे नगांवर आला. बटणांचं पॅनलही बदललं. नव्या पॅनलला दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबावी लागतात, मग नाणं अडकवून उपयोगच नाही. पण हे झालं त्या एका शेडमध्ये. भिंतीपलीकडच्या शेडचा माल परदेशी जात नव्हता. तिथे त्याच वर्षी एका पोराचं बोट गेलं.

माझा वेळ बराच खर्ची पडला आहे, तेव्हा पुढचं भरभर सांगतो. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली. ११३४ माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या मुलीबाळी. भिंतींना भेगा आदल्याच दिवशी दिसल्या होत्या. त्याच इमारतीतली बँक बंद ठेवली गेली. शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं. का? माल वेळेत द्यायचा होता. म्हणजे पुन्हा नानांचे चारशे नग.

त्यानंतर जे झालं, ते नुसत्या हळहळीवर थांबलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार महासंघ आणि बांगलादेशातल्या युनियन एका बाजूला, दोनशेच्या वर कपड्यांच्या कंपन्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कायद्यानं बांधणारा करार. इमारतींची तपासणी होणार, दुरुस्तीला पैसा लागेल त्याची सोय कंपन्यांनी बघायची, आणि कामगाराला धोक्याच्या इमारतीत जायला नकार देता येणार. दोन कंपन्यांनी टाळाटाळ केली, तेव्हा युनियननी त्यांना थेट हेगच्या लवादापुढे उभं केलं. त्यातल्या एकीनं तडजोडीत २३ लाख डॉलर मोजले. पाहुण्यानं नानांना दिला तो मार्क प्रेमाचा होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण प्रेमाचं नाणं बटणात जातं. सहीचा कागद जात नाही.

आणि हे फक्त तिकडून इकडे येतं असंही नाही. १९९३ साली पुण्यात कचरावेचकांची युनियन, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. २००८ साली कोलंबियात, बोगोटाला, जगभरच्या कचरावेचकांची परिषद भरली, तेव्हा पुण्याची ही पंचायतही तिथे होती. आपल्या दारातून ओला-सुका नेणाऱ्या ताईंना महापालिकेचं ओळखपत्र मिळतं, हे दुसऱ्या देशांतल्या बायकांना अप्रूप होतं.

काही जण म्हणतील, कामगारच निष्काळजी असतो, सुरक्षा त्यालाच नको असते. हे हेल्मेट न घालणाऱ्या शहरानं म्हणावं! आम्ही पुणेकरांनी हेल्मेटविरोधात मोर्चे काढलेत, आणि निष्काळजी म्हणायचं नानांना? आपल्याला हेल्मेट नको असतं ते हौसेनं. नानांना बटण नको होतं ते पोटासाठी.

नाना आता नाहीत. त्यांचा मुलगा चाकणला एका प्रेस शॉपमध्ये आहे, कंत्राटावर. मागच्या महिन्यात पीएमपीच्या बसमध्ये भेटला. तिथल्या मशीनपुढे प्रकाशाचा पडदा असतो म्हणे, हात मध्ये आला की प्रेस जागच्या जागी थांबतो. मी विचारलं, “मग आता नाणं लागत नसेल?”

तो म्हणाला, “नाही काका, नाण्याची गरजच नाही. तो पडदा बंद करायला पॅनलवरच किल्ली असते.”

“कोणाकडे असते?”

“सुपरवायझरकडे.”

त्याचा स्टॉप आला होता, तो उतरून गेला.

नमस्कार.