त्राटिकेचा नवरा

(दृश्य: वरून उघडं नाट्यगृह, रंगमंचाला खेटून उभे प्रेक्षक)

लंडन, थेम्सचा दक्षिण काठ. 2003 साली इथल्या ग्लोब थिएटरात शेक्सपिअरचं 'द टेमिंग ऑफ द श्रू' लागलं. मराठी रंगभूमीनं कधीकाळी यातल्या नायिकेलाच 'त्राटिका' म्हटलं होतं. फटकळ केटला पेट्रुकिओ वठणीवर आणतो, ही गोष्ट. वठणीवर म्हणजे कसं, तर जेवू द्यायचं नाही, झोपू द्यायचं नाही. चारशे वर्षं लोक याला हसत आलेत.

दिग्दर्शिका फिलिडा लॉइडनं यातली एकूण एक भूमिका बायकांना दिली.

शेक्सपिअरच्या काळी नेमकं उलट होतं. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बाई आली 1660 मध्ये. तोवर केटसुद्धा एखादा पोरगाच व्हायचा, आपल्या स्त्रीपार्टींसारखा. या नाटकाच्या सुरुवातीलाच एका नोकर पोराला झगा चढवून दारुड्याची बायको म्हणून बसवतात. सोंगाची कबुली लेखकानंच देऊन ठेवलीये.

पुढे 1664 मध्ये लंडनला 'द पार्सन्स वेडिंग' नुसत्या नटींनी केलं. कलेची ओढ वगैरे म्हणू नका. विजारीतल्या नटीचे पाय बघायला तेव्हा गर्दी व्हायची.

(दृश्य: तालीम. खुर्चीत पाय पसरून बसलेली अभिनेत्री)

ग्लोबमधली विजार वेगळी. पेट्रुकिओ होती जॅनेट मॅकटिअर, उंची सहा फुटांच्या वर. केट झाली लहानखुरी कॅथरिन हंटर, जिनं 1997 मध्ये किंग लिअरही उभा केला होता. नकली मिशी लावून हशा मिळतो, पण दहा मिनिटंच. पुढे कस लागतो. जागा अडवून बसणं, समोरच्याचं वाक्य तोडणं, कुठंही घरच्यासारखं शिरणं. पुरुष नटानं केलं तर हे नजरेतून निसटतं, रोजचंच म्हणून. बाई करते तेव्हा दिसतं, आणि हसू केटवरून पेट्रुकिओकडे सरकतं.

2016 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात मॅकटिअर पुन्हा पेट्रुकिओ झाली. दिग्दर्शन लॉइडचंच, रंगमंचावर पुन्हा सगळ्या बायका.

खरी अडचण शेवटी. केटचं 44 ओळींचं भाषण: नवरा म्हणजे धनी, त्याचं ऐका. मनापासून म्हटलं तर प्रेक्षक अवघडतात. टोमणा म्हणून म्हटलं, तर 44 ओळी टोमणा ताणवत नाही. बोलता बोलता केट हात पुढे करते, नवऱ्याच्या पायाखाली ठेवायला.

(दृश्य: बूट, जवळून)

बुटातला पाय बाईचाच.