ग्लायविट्सचा माइक

श्रोतेहो, नमस्कार.

दुसरं महायुद्ध कधी सुरू झालं, असं कुणी विचारलं तर शाळेत पाठ केलेली तारीख ओठांवर येते: १ सप्टेंबर १९३९. बरोबरच आहे ती, त्या दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. पण आज मला तुम्हांला आदल्या संध्याकाळी न्यायचंय, आणि तेही एका रेडिओ केंद्रात. माइकसमोर बसून हे सांगताना थोडं अवघडायला होतं, कारण या हकिकतीतला गुन्हा माइकसमोरच घडला.

तेव्हाच्या जर्मनीत, पोलंडच्या सीमेला लागून ग्लायविट्स नावाचं शहर होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि ग्लिविट्से म्हणून ओळखलं जातं. तिथला रेडिओचा मनोरा चक्क लाकडी आहे. शंभर मीटरहून उंच, लार्चच्या लाकडाचा, तुळया पितळी बोल्टांनी आवळलेल्या. युद्ध आलं, गेलं, सीमा सरकल्या. मनोरा अजून उभा आहे.

३१ ऑगस्टला नाझींच्या सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख याने बर्लिनहून फोनवर एक निरोप दिला. ‘आजी वारली.’ हा इशारा होता. रात्री आठच्या सुमारास आल्फ्रेड नाउयॉक्स हा एसएसचा, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाचा माणूस पाच-सहा साथीदारांना घेऊन केंद्रात घुसला. सगळे साध्या वेशात. कर्मचाऱ्यांवर पिस्तुलं रोखली, त्यांना बाजूला केलं. आता पोलिश भाषेत एक भडक भाषण ठोकायचं, म्हणजे पोलिश बंडखोरांनी जर्मन केंद्र बळकावलं असा बोभाटा करता येईल, असा डाव होता.

आणि इथे फजिती झाली. या केंद्राचा स्वतःचा कार्यक्रम नसेच. ब्रेस्लाऊ शहरातल्या केंद्राहून जे येईल ते पुढे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. मनोऱ्यापाशी स्टुडिओ नव्हता, भाषणाचा माइक नव्हता. धाकदपटशा करून शेवटी एक माइक हाती लागला. विजा कडकडायला लागल्या की प्रक्षेपण थांबवावं लागे, तेव्हा श्रोत्यांना तेवढं सांगण्यापुरता ठेवलेला. त्या वादळाच्या माइकवरून लोकांना धड ऐकू गेलं ते जेमतेम एवढंच: लक्ष द्या, हे ग्लिविट्से, केंद्र पोलिशांच्या ताब्यात आहे. बाकीचं भाषण हवेत विरलं.

मला या प्रकरणात नेहमी खटकतो तो हा गलथानपणा. इतकं मोठं युद्ध पेटवायचं आणि सबब इतकी भिकार? पण हिटलरने २२ ऑगस्टलाच आपल्या सेनापतींना सांगून ठेवलं होतं की युद्धाला कारण मी देईन, ते पटण्याजोगं आहे की नाही याची फिकीर नको. जिंकणाऱ्याला नंतर कुणी विचारत नाही, तू खरं बोललास का म्हणून. खोटं पटावं ही अपेक्षाच नव्हती. ते वेळेवर बोललं जावं, एवढंच हवं होतं.

केंद्रात आणखी एक माणूस होता. फ्रान्चिशेक होन्योक. वय त्रेचाळीस, शेतीची यंत्रं विकायचा. जन्माने सायलेशियाचा, म्हणजे याच सीमाभागाचा, कागदोपत्री जर्मन, मनाने पोलिश बाजूचा. सायलेशियातल्या १९२१च्या उठावात तो पोलंडच्या बाजूने उतरला होता. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला आदल्या दिवशी उचललं, गुंगीचं औषध दिलं आणि केंद्रात आणून टाकलं. तिथे त्याचं प्रेत सापडायला हवं होतं, पुरावा म्हणून. असल्या माणसांना या मंडळींचा एक शब्द होता: ‘डबाबंद माल’. वादळाच्या माइकवर पोलिशांच्या नावाने कुणीतरी ओरडत होतं, आणि ज्याला खरोखर पोलिशांच्या बाजूने बोलता आलं असतं तो शुद्धीवरही नव्हता. हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः नाउयॉक्सने युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यासाठी दिलेल्या शपथपत्रामुळे. म्हणजे साक्षीदार कोण, तर गुन्हेगारच.

याच भागातून दोनतीन दिवस आधी एक मोटार गेली होती. क्लेअर हॉलिंगवर्थ, सत्तावीस वर्षांची इंग्रज बातमीदार. नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. सीमेजवळच्या कातोवित्से या पोलिश शहरातल्या ब्रिटिश वाणिज्यदूताची गाडी मागून घेतली आणि ती सरळ सीमेपलीकडे, ग्लायविट्सच्या भागात शिरली. परतताना रस्त्याकडेला तागाच्या कापडाचे लांबच लांब पडदे लावलेले दिसले. वाऱ्याच्या झोताने एक पडदा उडाला, आणि खालच्या खोलगटात रणगाडे, रांगाच्या रांगा. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये २९ ऑगस्टला बातमी आली, सीमेवर हजार रणगाडे जमल्याची.

पुढे १ सप्टेंबरला पहाटे तिला जाग आली ती स्फोटांनीच. तिने वॉर्सातल्या ब्रिटिश वकिलातीत फोन लावला. पलीकडच्या माणसाचा विश्वास बसेना, वाटाघाटी अजून चालू आहेत म्हणे! तेव्हा या पोरीने रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. घ्या, ऐका. मला विचाराल तर त्या चोवीस तासांतलं सगळ्यात खरं प्रक्षेपण हेच. ना भाषण, ना घोषणा, नुसता आवाज.

तिकडे डान्झिगच्या बंदरात ‘श्लेसविग-होल्श्टाइन’ ही जर्मन युद्धनौका आठवडाभर नांगर टाकून होती, सदिच्छा भेटीवर! पावणेपाचच्या सुमारास तिने वेस्टरप्लाटेच्या पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या. त्याच वेळी व्हिएलुन्य या छोट्या शहरावर बॉम्ब पडत होते. दहाच्या सुमारास हिटलर बर्लिनमध्ये बोलायला उभा राहिला. आम्ही पावणेसहापासून उलट गोळीबार करतो आहोत, असं तो म्हणाला. ‘उलट’ हे तर खोटंच, पण वेळसुद्धा तासाभराने चुकली.

आणि त्याच तारखेचा एक फतवा फारसा कुणाला आठवत नाही. जर्मनीत परदेशी केंद्र ऐकणं हा गुन्हा ठरला. ऐकणाऱ्याला तुरुंग, ऐकलेलं पसरवणाऱ्याला प्रसंगी मृत्युदंड. घरोघरच्या रेडिओच्या बटणाला अडकवायला इशारा छापलेली कार्डं आली. काटा फिरवायला हात पुढे केला की आधी बोटांना ते कार्ड लागायचं.

३ सप्टेंबर, रविवार. बर्लिनमधला ब्रिटिश राजदूत हेंडरसन सकाळी नऊला निर्वाणीचा खलिता घेऊन निघाला: पोलंडमधून सैन्य मागे घेण्याचं आश्वासन अकराच्या आत द्या, नाहीतर युद्ध. परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने भेटायचं टाळलं आणि दुभाषा पॉल श्मिट याला पुढे केलं. श्मिटला नेमकी त्या दिवशी जाग आली नाही. टॅक्सीने धावतपळत तो पोहोचला, बाजूच्या दाराने आत शिरला आणि ठोक्याला जागेवर उभा राहिला. तो सांगतो की खलिता वाचून दाखवल्यावर हिटलर बराच वेळ गप्प बसला. मग रिबेनट्रॉपकडे वळून म्हणाला, “आता काय?”

अकराची मुदत संपली. सव्वाअकराला पंतप्रधान चेंबरलेन लंडनच्या रेडिओवरून बोलले. थकलेला, सपाट आवाज. असं कोणतंही आश्वासन आलेलं नाही, सबब हा देश जर्मनीशी युद्धात आहे. भाषण संपून काही मिनिटं होतात न होतात तोच लंडनभर भोंगे वाजले. लोक तळघरांकडे पळाले. इशारा खोटा निघाला.

आणि आपण? आपल्यालाही रेडिओवरूनच सांगण्यात आलं. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्याच दिवशी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. विधिमंडळाला विचारलं नाही, पुढाऱ्यांना विचारलं नाही. स्वातंत्र्यासाठी लढाई आहे, एवढं मात्र सांगितलं. तेव्हा जवाहरलाल नेहरू चीनच्या दौऱ्यावर होते. ते अर्ध्यातून परतले. १४ सप्टेंबरला वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीने एक साधा प्रश्न टाकला: ज्या स्वातंत्र्यासाठी लढता आहात, ते आम्हांलाही लागू आहे का? उत्तर आलं ते इतकं मोघम की महिन्याभरात प्रांतांतली काँग्रेस मंत्रिमंडळं राजीनामे देऊ लागली. हे पुढे फार लांबतं. ते पुन्हा कधी.

मी वॉर्साकडे परत येतो. वेढ्यात सापडलेल्या त्या शहराला रेडिओनेच सावरून धरलं होतं. ‘लक्ष द्या, लक्ष द्या, येताहेत’ ही विमानांची सूचना, आणि महापौर स्टेफान स्टाझिन्स्की यांचा आवाज. घसा बसला तरी माणूस बोलत राहिला: पाणी कुठे आहे, आग कुठे लागली आहे, कुणी कुठे जायचं. २३ सप्टेंबरला बॉम्बनी वीजकेंद्र बंद पडलं आणि वॉर्सा केंद्र मुकं झालं. पाच दिवसांनी शहराने शरणागतीवर सही केली. स्टाझिन्स्कींना ऑक्टोबरमध्ये पकडून नेलं. ते परत आले नाहीत.

१९३९ संपायच्या आत जर्मनांनी पोलिश लोकांकडून रेडिओ काढून घ्यायला सुरुवात केली. संच आणून जमा करा, असा हुकूम निघाला. लपवलेला सापडला तर मृत्युदंड होऊ शकत होता. तरी काहींनी लपवले. रात्री आवाज अगदी बारीक करून, कान संचाला लावून ते लंडन ऐकायचे, ऐकलेलं कागदावर उतरवायचे, आणि सकाळी त्या कागदाच्या प्रती हातोहात फिरायच्या.

नमस्कार.