लुटली ती कुणाची अब्रू?

नमस्कार, श्रोतेहो.

आजचा विषय जड आहे. जवळ लहान मुलं असतील तर आवाज थोडा कमी करा. अत्याचारांची वर्णनं मी करणार नाही. मला बोलायचंय ते एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे अब्रू.

युद्धात बाईवर बलात्कार झाला की आपण म्हणतो, ‘तिची अब्रू लुटली.’ म्हणणाऱ्याच्या मनात कणवच असते. पण त्या बोलण्यात गमावणारी ती असते. ज्यानं केलं, त्याची अब्रू शाबूत! आणि ही नुसती बोलण्यातली सवय नाही, कायद्यातही हेच होतं. युद्धात कसं वागावं हे सांगणाऱ्या १९०७च्या हेग नियमांत ‘कुटुंबाचा सन्मान’ राखावा, एवढंच म्हटलं होतं. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २७व्या कलमात बलात्कार हा शब्द आला, पण स्त्रीच्या ‘सन्मानावरचा हल्ला’ म्हणून. त्याच करारात गंभीर उल्लंघनांची यादी आहे. खून, छळ, ओलीस ठेवणं, सगळं तिथे नाव घेऊन सांगितलंय. बलात्काराचं नाव मात्र नाही.

गोड नावांनीही असंच नुकसान केलं. जपानी सैन्यानं कोरियातल्या आणि इतर देशांतल्या मुलींना छावण्यांत कोंडलं आणि त्यांना म्हटलं काय, तर सैनिकांना ‘दिलासा देणाऱ्या स्त्रिया’. त्यांच्यातल्याच कोरियाच्या किम हाक-सुन यांनी १९९१च्या ऑगस्टमध्ये स्वतःचं नाव सांगून, कॅमेऱ्यासमोर साक्ष दिली, तेव्हा दुसरं महायुद्ध संपून ४६ वर्षं झाली होती. बांगलादेशात १९७१च्या युद्धानंतर सरकारनं बलात्कार झालेल्या स्त्रियांना ‘बीरांगना’ हा किताब दिला. हेतू चांगला होता, शंकाच नाही. पण पुष्कळजणींच्या बाबतीत किताबामुळेच लोकांना कळलं आणि दारं बंद झाली. अब्रू गेली म्हणणाऱ्या समाजात सन्मानाचं नावसुद्धा डागासारखं चिकटतं.

हल्ला करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. घरचे तिला दूर लोटतील, नवरा तोंड फिरवेल, गाव आतून फुटेल. त्याचं उरलेलं काम तिचीच माणसं करतात. इराकमधल्या यझिदी या अल्पसंख्य धर्माच्या लोकांचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१४मध्ये इसिस या दहशतवादी संघटनेनं त्यांच्या सिंजार भागातून हजारो बायका-मुलींना पळवून गुलाम केलं. सुटून आलेल्या बायका आपल्याच आहेत, असं त्यांच्या धर्मगुरूंनी जाहीर केलं. ही मोठी गोष्ट होती. पण त्या बंदिवासात जन्मलेल्या मुलांना समाजात घ्यायला २०१९मध्ये नकार मिळाला, आणि आयांपुढे प्रश्न उभा राहिला: मूल की माहेर?

आता टांझानियातल्या अरुशा शहराकडे वळू या. रवांडात १९९४मध्ये झालेल्या तुत्सी लोकांच्या वंशसंहाराचे खटले चालवायला संयुक्त राष्ट्रांनी तिथे न्यायाधिकरण बसवलं होतं. आरोपी होता ज्याँ-पॉल अकायेसू, ताबा गावचा प्रमुख. पेशानं पूर्वी शिक्षक. १९९७च्या जानेवारीत खटला सुरू झाला तेव्हा आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. एक साक्षीदार बाई दुसऱ्याच गोष्टींबद्दल सांगत होती. बोलता बोलता तिनं सांगितलं, माझ्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. न्यायाधीशांनी ते तसंच पुढे जाऊ दिलं नाही. पीठावर एकच स्त्री होती, दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्ले. पीठाकडून प्रश्न विचारले गेले आणि पुढे आणखी बायका बोलल्या. जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. अकायेसूनं स्वतः हात लावला नव्हता, पण गावच्या कार्यालयाच्या आवारात तो हजर होता आणि बलात्कार करणाऱ्यांना चिथावत होता. २ सप्टेंबर १९९८च्या निकालानं बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरवला. असं म्हणणारा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा हा पहिला निकाल. मला राहून राहून वाटतं, त्या दिवशी कुणी प्रश्नच विचारला नसता तर?

पुढे २००१मध्ये बोस्नियातल्या फोचा गावच्या खटल्यात बलात्कार आणि स्त्रियांना गुलाम करणं हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरले. कायदा इथवर आला. २००८मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव १८२० करून युद्धतंत्र म्हणून वापरल्या जाणाऱ्या लैंगिक हिंसेचा निषेध केला. पण २०१९चा ठराव २४६७ बघा. अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांच्या उपचारांबद्दलचा मजकूर ठरावात येणार होता. ‘लैंगिक आणि प्रजनन आरोग्य’ हे शब्द राहिले तर नकाराधिकार वापरू, अशी धमकी अमेरिकेनं दिली. शब्द गेले, मग ठराव मंजूर झाला. निषेधाला कुणाची हरकत नसते, डॉक्टरची गोष्ट निघाली की घोडं अडतं.

जाता जाता ग्वाटेमालातलं सेपुर सार्को हे गाव. १९८०च्या दशकात, यादवी युद्धाच्या काळात, तिथल्या लष्करी ठाण्यावर केक्ची आदिवासी बायकांना सैनिकांसाठी रांधायला, कपडे धुवायला लावलं आणि त्यांच्यावर बलात्कार केले. त्यांच्या नवऱ्यांनी जमिनीचे कागद मागितले होते. म्हणून सैन्यानं त्या नवऱ्यांना आधीच उचलून नाहीसं केलं होतं. २०१६मध्ये या बायका शालींनी तोंडं झाकून कोर्टात बसल्या. त्यांच्याच देशाच्या कोर्टानं दोघांना शिक्षा दिली, एकाला १२० वर्षं, दुसऱ्याला २४०. नुकसानभरपाईच्या आदेशात अब्रू परत देण्याची भाषा कशाला हवी होती? त्यात सगळ्या गावांच्या उपयोगी पडेल असा दवाखाना होता, आणि मुलांसाठी शाळा.