आदल्या दिवशीची चित्रं

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते डोक्याच्या कातडीला आणि मेंदूवरच्या जाड आवरणाला. तिथं भूल दिली, की पेशंट जागा असताना मेंदूतली गाठ काढता येते. हे सांगितलं की सभागृहात चुळबुळ होते, आत्ताही झाली! जागं ठेवायचं ते त्याच्याशी बोलत राहण्यासाठी. आणि बोलायला समोर बसलेली असते ती माझ्यासारखी वाचाउपचारतज्ज्ञ.

१८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोकांनी डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाचा बोलण्याशी संबंध दाखवला. त्यांचा तो पेशंट ‘टॅन’ एवढंच म्हणू शकायचा. १८७४ मध्ये कार्ल वर्निके यांनी मागच्या भागाचा संबंध समजण्याशी जोडला. शाळेच्या पुस्तकात हे दोन भाग रंगवलेले असतात आणि आपल्याला वाटतं, झालं, तेवढे वगळून कापा. पण १९८९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज ओजेमन यांनी ११७ पेशंटांचे नकाशे एकत्र मांडले, तेव्हा भाषेच्या नेमक्या जागा माणसागणिक बऱ्याच वेगळ्या निघाल्या. म्हणून ज्याचा नकाशा त्याच्याच डोक्यात शोधावा लागतो, तोही टेबलावर.

सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर काही मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह सोडतात. तो भाग तेवढ्यापुरता बंद पडतो. त्याच क्षणी मी चित्र दाखवते. नाव आलं तर पुढची जागा. अडलं तर तिथं नंबरची चिठ्ठी ठेवायची आणि खात्रीसाठी थोड्या वेळानं पुन्हा तपासायचं. दरवेळी अडलं तर ती जागा वाचवायची. मध्येच फिट आलीच, तर मेंदूवर थंड सलाइन ओततात.

आता यातली मराठी गोची बघा. नुसतं नाव विचारून भागत नाही. पेशंट गप्प राहिला तर शब्द सापडेना की तोंडच हलेना, हे कसं ओळखायचं? म्हणून इंग्रजीत ‘धिस इज अ’ म्हणून मग नाव सांगायला लावतात. सुरुवात आली आणि नाव अडलं, तर शब्द हरवलाय. सुरुवातही आली नाही, तर बोलणंच थांबलंय. हेच आपण मराठीत उचललं तर काय होईल? हा पंखा, ही कढई, हे कुलूप. म्हणजे पहिला शब्द उच्चारायच्या आधीच लिंग ठरवायला हवं, त्यासाठी नाव आधीच सापडायला हवं. मग सुरुवात अडली तर अर्थ काय लावायचा? त्यापेक्षा ‘चित्रात आहे पंखा’, ‘चित्रात आहे कढई’ असं म्हणायला लावलं, की हा घोळ मिटतो. आयती चाचणी भाषांतर करून वापरणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, याचा मला राग येतो.

चित्रांचंही तेच. अमेरिकेतल्या नावाजलेल्या बोस्टन नेमिंग टेस्टमध्ये ६० रेखाचित्रं आहेत, त्यात बीव्हर आणि प्रेट्झेलसुद्धा. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या माणसाला त्यात नापास करून आपल्याला काय कळणार?

असेच एक फळांचे आडते आमच्याकडे होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. घरी मराठी, गाळ्यावर अर्धा दिवस हिंदी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चित्रं दाखवायला बसलो. डाळिंब, वजनकाटा, रिक्षा, कुकर, सगळं धडाधड. सनईपाशी थांबले. म्हणाले, “ते... लग्नातलं.” मी चित्र बाजूला काढलं. त्यांची सून म्हणाली, “अहो मॅडम, पप्पांना माहितीये ते!” माहिती असेलही. पण आज जे पटकन आणि बिनचूक येतं, तेच उद्या आत न्यायचं. नाहीतर उद्या ते सनईला अडले, तर करंटमुळे की मुळातच, हे कोण सांगणार? ‘पंखा’ ऐवजी ‘फॅन’ म्हणाले तर चालेल का, हेसुद्धा आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं. हिंदीची चित्रं वेगळी केली, कारण दोन्ही भाषांच्या जागा तंतोतंत एकच असतील याची हमी नसते.

शिवाय वाक्यं. ‘त्याने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं.’ खाणारा तोच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे फिरतं. सगळी नावं बरोबर सांगणारा पेशंट ‘पोळी खाल्ला’ म्हणू शकतो. फक्त चित्रं दाखवली असती, तर हे निसटलं असतं.

ऑपरेशननंतर घरचे घाबरतात, कारण सूज असेपर्यंत बोलणं आधीपेक्षा खालावू शकतं. पुढच्या भागातल्या काही ऑपरेशनांनंतर पेशंट काही दिवस अजिबात बोलत नाही आणि बहुतेकदा काही आठवड्यांत पुन्हा बोलू लागतो. ही शक्यता आधी सांगून ठेवली नाही, तर वॉर्डात रडारड होते. त्या दिवसांत कृपा करून कॉटभोवती कोंडाळं करून “मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण!” असं विचारू नका. परीक्षा घ्यायला आम्ही आहोत: पहिल्या दिवसांत छोटी, साधारण तीन महिन्यांनी पूर्ण, आदल्या दिवशीच्याच यादीवर.

आणि चष्मा किंवा कानाचं मशीन असेल तर तपासणीला येताना आणा. वाचायचा आणि लांबचा चष्मा वेगळा असेल तर दोन्ही आणा. टेबलावर पेशंट कुशीवर असतो, स्क्रीन किती अंतरावर ठेवायचा ते आम्ही त्यावरून ठरवतो.